वज्रदिगंबर, भाग दुसरा

‘वज्रदिगंबर!’ अशी कोणी हाक मारली की दिगंबर उठून उभा राहायचा. हातात पंक्चरची ट्यूब असो, तोंडात भाकरीचा घास असो, नाहीतर अंगात ताप असो. उठायचं, कमरेवर हात ठेवायचे, छाती काढायची आणि हाक मारणाऱ्याकडे बघून मान हलवायची. मग परत बसून कामाला लागायचं. आमच्या जवळा बाजार गावात टायरचं दुकान चालवणारा, टक्कल पडलेला, चाळिशी उलटलेला माणूस भर रस्त्यावर दिवसभर हे करायचा. मी चिडायचो. ‘‘दिगूभाऊ, लाज कशी वाटत न्हाई तुला?’’ तर म्हणायचा, ‘‘लेकरानं हाक मारली अन् वज्रदिगंबर बसूनच राहिला, तर त्या लेकरानं कोणाकडं पाहावं?’’

हे खूळ आम्हीच काढलेलं. मी लग्नांचं शूटिंग करतो. एका गणपतीत मंडळासाठी आम्ही अर्ध्या तासाचा सिनेमा केला. पंक्चरवाल्याच्या अंगावर वीज पडते आणि त्याच्यात अचाट ताकद येते, एवढीच गोष्ट. हिरोला नाव दिगंबरनं स्वतःचंच दिलं. ‘‘दुसरं नाव मला याद ऱ्हात न्हाई,’’ म्हणाला. पाठीला मांडवाचं लाल कापड बांधलं आणि ते फडफडावं म्हणून दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा सोडली. लोकांनी डोक्यावर घेतलं हो! गावातली पोरं टॉवेल बांधून ओट्यांवरून उड्या मारायला लागली. तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण याच्या डोक्यात दुसरा भाग शिरला.

‘‘पयल्यात लोकायला हसवलं,’’ तो म्हणाला, ‘‘दुसऱ्यात रडवायचंय.’’

कसं, तेही त्यानं ट्यूब घासता घासता सांगितलं. सिद्धेश्वर धरणाच्या काठावर राक्षस हिरोला मारून टाकतो. हिरोची बायको त्याच्या छातीवर डोकं टेकून टाहो फोडते, ‘‘वज्रदिगंबरा, ऊठ! सारा जवळा बाजार तुही वाट पाहून राहिला!’’ आणि तो उठतो. या एका वाक्यासाठी त्याला अख्खा सिनेमा करायचा होता. सांगताना त्याचेच डोळे भरून आले, आणि खोटं कशाला बोलू, काटा माझ्याही अंगावर आला.

त्या प्रसंगाच्या दिवशी बायकोचं काम करायला हिंगोलीहून यायची ती नटी आलीच नाही. फोन बंद. ऊन उतरत चाललेलं, राक्षसाचा रंग घामानं गळ्यापर्यंत ओघळलेला. शेवटी डबा घेऊन आलेल्या सुमनवहिनींना, म्हणजे स्वतःच्या बायकोलाच, दिगंबरनं उभं केलं. वहिनी छातीवर पडल्या, रडल्या, सगळं झकास. पण वाक्य आलं की तोंड बंद. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तर शेजारणीला पुढं करणारी बाई ती.

‘‘नाव कसं घेऊ भाऊ? नाव घेतलं की त्यायचं आयुष्य कमी होते. मह्या मायनं सांगून ठेवलंय.’’

‘‘अगं, ते सिनेमातलं नाव हाय!’’ दिगंबर पडल्या पडल्या ओरडला.

‘‘पडलेत तर तुमीच ना?’’

उन्हाची शेवटची तिरीप पाण्यावर राहिली, तेव्हा वहिनींनीच तोड काढली. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं! पदर सावरला, मान खाली घातली आणि मेलेल्या हिरोच्या छातीवरून म्हणाल्या, ‘‘सिद्धेश्वरच्या काठावर हिरवं हिरवं रान, दिगंबररावांचं नाव घेते, उठा, वर करा मान.’’ आणि दिगंबर उठला. काय करणार, उजेड संपला होता.

आठवडी बाजाराच्या संध्याकाळी आम्ही पडदा लावला. दिगंबर पडद्याच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून बसला. कोण कोण रडतं ते त्याला बघायचं होतं. उखाणा आला आणि लोक असे हसले की पोट धरून खाली बसले. पुढं उरलेला सिनेमा कोणी ऐकलाच नाही. मी मात्र त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तसं तोंड मी मयतीतसुद्धा पाहिलेलं नाही.

शहरातल्या एका स्पर्धेला पाठवला, तर परीक्षक माईकवर म्हणाले, ‘‘हा सिनेमा आहे की हळदीकुंकू?’’ उखाण्याचा तेवढा तुकडा मोबाइलवर गावोगाव फिरला. मग हाका मोठी माणसं मारायला लागली. मोटारसायकल हळू करून ‘वज्रदिगंबर, वर करा मान!’ असं ओरडायची आणि दात काढत निघून जायची. हा तरी उठायचाच. मी हात धरून खाली ओढायचो. ‘‘बसून राहिलो तर त्यायचंच खरं होते,’’ म्हणायचा आणि हात सोडवून घ्यायचा.

त्यानंतर त्याला एकच ध्यास लागला. ते वाक्य पुन्हा घ्यायचं. ‘‘बाकी सिनेमा बराबर हाय रे. तेवढं येक वाक्य हिनं सरळ म्हनलं ना, लोक रडतील.’’ बायकोपुढं अक्षरशः हात जोडायचा. त्या म्हणायच्या, ‘‘जीव मागा, देते. नाव तेवढं मागू नका.’’

पुढं त्याचे पाय सुजायला लागले. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. नांदेडच्या दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या, दुकानाचं शटर खाली आलं. वहिनींनी तर नावाचा विषयच बंद केला. ‘‘आता तर मुळीच न्हाई,’’ म्हणायच्या. जेवढं आयुष्य उरलं होतं, त्यातला कणसुद्धा त्यांना गमावायचा नव्हता. आणि तो गादीवरून मला विचारायचा, ‘‘कॅमेरा आणलास काय?’’ मी दर वेळी नेत होतो. दुसरं माझ्या हातात काय होतं?

शेवटच्या दिवशीही कॅमेरा माझ्या पिशवीत होता. नांदेडचा दवाखाना, दुपारची वेळ. दिगंबरनं सकाळपासून डोळे उघडले नव्हते. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘आता कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा.’’ वहिनींनी ते ऐकलं. कॉटचा दांडा धरला. मग वाकल्या, धरणावर ठेवलं होतं तसंच त्याच्या छातीवर डोकं ठेवलं आणि नवऱ्याला जन्मात कधी अरे-तुरे न केलेली ती बाई गळा फाटेपर्यंत ओरडली, ‘‘वज्रदिगंबरा, ऊठ! सारा जवळा बाजार तुही वाट पाहून राहिला!’’

वॉर्डात कोणीही हसलं नाही. पलीकडच्या कॉटवरच्या म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. सिस्टर सलाईनची बाटली हातात धरून तशीच उभी राहिली आणि तिच्याही गालावरून पाणी ओघळत होतं. मी कॅमेरा काढला नाही. मी फक्त दिगंबरकडे बघत राहिलो, कारण या हाकेला तो बसून राहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

तो उठला नाही.

वहिनींनी आणखी एकदा हाक मारली. मग डोकं वर केलं, माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, ‘‘भाऊ, आता तरी बराबर म्हनलं ना मी?’’