परतीच्या यानाला हाक

वर्तकबाई हॉलमधले दिवे घालवायच्या आणि अंधारात सगळ्यांना हाका मारायला लावायच्या. माझ्या नोकरीचा पहिलाच दिवस होता. मी तिकीट खिडकीत बसले होते आणि आतून शाळेच्या पोरांचा एका सुरात आवाज आला, "ऐकू येतंय का? उत्तर द्या!" मग चिडीचूप. पुन्हा तीच हाक, पुन्हा चिडीचूप. मला वाटलं, आत कोणीतरी अडकलंय. चाव्यांचा जुडगा घेऊन धावत गेले, दार उघडलं, उजेड आत शिरला, तशा बाई कडाडल्या, "कोण गं तू? यान परत येतंय, कळत नाही का? दार लाव आधी!" आमची ओळख ही अशी झाली.

आमचं अंतराळ केंद्र म्हणजे भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामांच्या रांगेतलंच एक गोदाम. मालकाला हौस, म्हणून त्याने तिथे माल न ठेवता माणूस अंतराळात कसा गेला त्याचा इतिहास मांडला. पहिला माणूस, पहिली बाई, चंद्रावरचे बुटांचे ठसे, आपल्या हवाई दलातला माणूस, सगळ्यांचे मोठाले फोटो. मधोमध लाकूड आणि पत्र्याचं यान. शेजारी भिवंडीच्या एका टेलरने शिवलेला अंतराळवीराचा पोशाख, हेल्मेटची काच काळीकुट्ट. संध्याकाळी कुलूप लावताना मी त्या पोशाखाकडे पाठ करत नसे. हसा खुशाल. एकटं राहून बघा त्या हॉलमध्ये, मग बोला.

बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. अंगाने काडी, साडी कडक इस्त्रीची, पर्समध्ये कायम कोथिंबिरीची जुडी. मी खारबावहून यायचे, जरा उशीर झाला की म्हणायच्या, "आलात का राणीसाहेब? आम्ही म्हटलं, चंद्रावरूनच येताय." पोरांना मात्र पहिलाच प्रश्न टाकायच्या, "वर कसे जाल ते मला नका सांगू. परत कसे याल ते सांगा." कोणी पोरगं रॉकेटचं वर्णन करायला लागलं की त्याला मध्येच तोडायच्या. "अरे, वर जायला इंधन लागतं. खाली यायला अक्कल लागते. आणि खाली कोणीतरी वाट बघणारं लागतं."

मग दिवे जायचे. बाई अंधारात सांगायच्या, परत येताना यानाभोवती आगीचा लोळ होतो आणि काही मिनिटं त्याचा रेडिओ बंद पडतो. आतले जिवंत आहेत की नाही, जमिनीवर कोणालाच कळत नाही. "तरी खालचा माणूस हाक मारत राहतो. आपणही मारायची." जी यानं सुखरूप परतली त्यांची गोष्ट असली की त्या टाळी वाजवायच्या आणि म्हणायच्या, "आले!" पण शेवटी त्या सात जणांची गोष्ट यायची, ज्यात आपल्या देशात जन्मलेली एक मुलगी होती. यान वरच तुटायला लागलं होतं आणि खाली बसलेला माणूस अजून शांतपणे त्याचं नाव घेत होता. त्या हाकेनंतर बाई टाळी वाजवत नसत. बराच वेळ काहीच नाही. मग नुसता दिवा लागायचा.

काही पोरं रडायची. आईबाप तक्रार करायचे. आमचा मॅनेजर तरुण, टापटीप, तो एकदा म्हणाला, "मॅडम, लोक एन्जॉय करायला येतात. तो शेवटचा भाग काढून टाका. आता अजून एक जरी कंप्लेंट आली तर मीच बंद करणार." बाई म्हणाल्या, "कर की बंद. पण मग मलाही बंद कर." तो कपाळावर आठ्या घालून निघून गेला. मला बाईंचा राग आला. एवढा हट्ट कशाला? दुपारी डबा खाताना मी तसं बोलून दाखवलं.

आमटीत पोळी कुस्करता कुस्करता बाईंनी सांगितलं. त्यांचे यजमान, सगळे त्यांना सर म्हणायचे, गणित शिकवत. रियाज नावाच्या एका यंत्रमागवाल्याने मुलीला शाळेतून काढलं होतं. त्याला समजवायला सर त्याच्या घरी गेले. मुलगी नळावर पाणी भरत होती. हे दोघे आत बोलत बसले होते आणि ती अख्खी बिल्डिंग कोसळली. बाई पोचल्या तेव्हा मलब्याचा डोंगर, त्यावर क्रेन घरघरतेय. बचाव पथकवाल्यांनी सगळ्यांना गप्प केलं. आतून आवाज येतो का ऐकायचं होतं. क्रेन थांबवली, गल्लीतले रात्रंदिवस खडखडणारे सगळे माग बंद केले. "भिवंडीत माग बंद, विचार कर! मी तोंडावर हात धरून उभी. हाक मारावीशी वाटत होती गं. पोलीस बाई म्हणाली, आवाज करू नका. नाही केला." सर दुसऱ्या दिवशी सापडले. रियाज वाचला, पण बाई भानावर येऊन चौकशीला गेल्या तोवर त्याचे लोक त्याला गावी, तिकडे उत्तरेला घेऊन गेले होते.

"मला एवढंच कळायला हवं," बाई म्हणाल्या, "त्यांना आत वाटलं असेल का, की बाहेर कोणीच नाही?"  मी माझ्या डब्यातली भाजी त्यांच्यापुढे सरकवली. त्यानंतर शेजारच्या गोदामात क्रेन घरघरली की बाई बोलता बोलता का थांबतात ते मला समजायला लागलं. त्यांच्या घरी म्हणे रात्रीसुद्धा रेडिओ चालू असायचा. शांतता त्यांच्या अंगावर यायची, आणि तीच शांतता त्या रोज उठून हॉलमध्ये स्वतः करायच्या.

मग एका रविवारी, शेवटच्या हाकेनंतरच्या अंधारात, कोणीतरी धडपडत उठलं आणि बाहेर आलं. लंगडत चालणारा म्हातारा, सोबत नात. घामाने भिजलेला. मी पाणी दिलं. "बहन, ये चुप्पी मुझसे नहीं होती," तो म्हणाला. "मैं मलबे में दबा था. साथ में एक मास्टरसाब थे, वो नहीं बचे."  एवढ्यात बाई तणतणत बाहेर आल्या, "मध्येच कोण उठलं?"

"बाई," मी म्हटलं, "हे रियाजभाई असावेत."

म्हाताऱ्याने वर पाहिलं. बाई त्याच्याशेजारी बाकावर बसल्या. इकडचं तिकडचं काही नाही, थेट विचारलं, "अंदर क्या सुनाई देता था?"

"सब, मैडम. मशीन, लोगों की बातें, सब. हम चिल्लाते थे, बाहर नहीं जाता था. फिर एकदम सब बंद. लूम भी बंद. मैं रोने लगा. बोला, साब, सब छोड़ के चले गए."

बाईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. इतकी वर्षं ज्याला भीत होत्या तेच ऐकलं होतं त्यांनी. मला वाटलं, या माणसाला आता गप्प करावं, हाताला धरून गेटबाहेर काढावं.

"और सर?" बाईंनी विचारलं.

"साब डाँटे मुझे. बोले, पागल है क्या? जाते तो जाने की आवाज़ आती. गाड़ी चालू होती, चप्पल बजती. कोई गया नहीं. सब खड़े हैं, हमको सुन रहे हैं." त्याने नातीला जवळ ओढलं. "फिर वो भी चुप हो गए. मैं समझा, सो गए."

"डाँटे ना? मग सरच ते," बाई म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता अशा रडल्या की रियाजभाईंची नात घाबरून त्यांचा पदर धरून उभी राहिली.

त्या दिवसापासून बाईंनी सात जणांच्या गोष्टीतली शेवटची हाक बंद केली. पोरांना म्हणायच्या, "आता फक्त ऐकायचं. जागचं हलायचं नाही." मॅनेजरला वाटलं आपण जिंकलो. त्याला काय सांगणार, कपाळ! बाई बऱ्या झाल्या असं मात्र मी म्हणणार नाही. क्रेन घरघरली की त्या थांबायच्याच. पण घरातला रेडिओ रात्री बंद करायला लागल्या होत्या.

गेल्या थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला, इस्पितळात ठेवलं. वाचा गेली, डोळे मिटलेले. नर्स म्हणाली, "ताई, बोलत राहा त्यांच्याशी. ऐकू येतं त्यांना." मला काही सुचेना. एवढी तोंडाळ मी, आणि एक शब्द फुटेना. सकाळपासून बसून पाय आखडले होते, चहाची तल्लफ आली होती. पण मी उठले नाही. उठले असते तर स्टूल सरकल्याचा आवाज झाला असता, दारापर्यंत माझ्या चपला वाजल्या असत्या, आणि बाईंना वाटलं असतं, ही गेली. दुपारी डॉक्टर आले, त्यांनी बाईंचं मनगट हातात धरून पाहिलं, चादर त्यांच्या तोंडावर ओढली आणि मला म्हणाले, "आता तुम्ही उठू शकता." तरी मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.