सागवानावर निळा रंग

मी मेलबर्नला निघाले त्या दुपारी आई मला दारापर्यंतसुद्धा सोडायला आली नाही. ती जेवणाच्या टेबलाशी उभी राहून एक डाग घासत होती.

माझ्यासाठी तळलेल्या शंकरपाळ्यांचा डबा तिने गडबडीत गरम गरमच टेबलावर ठेवला होता. लाखेच्या पॉलिशवर पांढरं वर्तुळ उमटलं. माझे वडील, अण्णा, कधी आवाज चढवत नसत. त्यांनी फडकं आणि स्पिरिटची बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "डाग जाईपर्यंत इथून हलायचं नाही." खाली मुंबई विमानतळाची गाडी हॉर्न वाजवत होती. मी म्हटलं, "अण्णा, मी निघालेय." ते म्हणाले, "नीघ की. तुला कोणी अडवलंय?" मी आईच्या पाठीला हात लावला. तिने मान वळवली नाही.

आमचं घर नाशिकला, सिडकोत. अण्णा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी सुतार. घरातलं सगळं लाकडी सामान त्यांच्या हातचं, अस्सल सागवानाचं: टेबल, दिवाण, पुस्तकांचं कपाट, त्यांची आरामखुर्ची. लोक मुद्दाम बघायला येत. एकदा पाहुण्यांसमोर आईने ओला पेला दिवाणाच्या कडेवर ठेवला. अण्णांनी तिच्या कानाखाली वाजवली आणि लगेच पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "हा जोड बघा. एक खिळा नाही." पाहुणे वाकले आणि त्यांनी जोड बघितला.

मी इकडे एका वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स आहे. सुरुवातीला एका खोलीत राहायचे. इथे लोक नको असलेलं सामान घरासमोर गवतावर ठेवून देतात, तसं एक टेबल मी उचलून आणलं. प्लायवुडचं, एक पाय डुगडुगणारा. पहिल्या दिवशी मी त्यावर मुद्दाम ओला मग ठेवला आणि समोर बसून राहिले. काहीच झालं नाही. नंतर माझं लग्न झालं, मुलगा झाला, घर घेतलं, पण एकही महाग वस्तू मी घरात येऊ दिली नाही. नवरा हसतो. मी त्याला अण्णांबद्दल फक्त एवढंच सांगितलंय की ते फार छान सुतारकाम करायचे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "नको." माझ्यासारखे लांब गेलेले जे कोणी आहेत, त्यांना माहीत असेल की अशा वेळी आपण रजा काढून जातो, औषधांची नावं पाठ करतो आणि परत येऊन ड्यूटीवर उभे राहतो. मीही तेच केलं.

मग एका रविवारी व्हिडिओ कॉलवर अण्णांच्या मागे पुस्तकांचं कपाट दिसलं. ते निळं होतं. गडद, तेलकट निळं.

"मोबाइलवर बघून शिकले," आई म्हणाली. "जुन्या फर्निचरला नवं रूप."

तिने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. मावश्यांनी अंगठे आणि फुलं पाठवली. कॉलनीतल्या बायका शिकायला येऊ लागल्या. पुढच्या महिन्यात टेबल पिवळं झालं, मग दिवाण गुलाबी. मला बरं वाटलं. आईला या वयात छंद लागला, असं मी मैत्रिणींना सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात मी गेले. आईने हॉलमध्ये, अण्णांच्या आरामखुर्चीच्या अगदी समोर वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यांनी केलेला पाट ती पॉलिश पेपरने खरवडत होती. सावकाश, एकाच दिशेने. धूळ अण्णांच्या मांडीवर पडत होती.

"आई, गॅलरीत कर ना. त्यांना त्रास होतोय."

"त्यांना दिसायला हवं," ती म्हणाली.

"नको," अण्णा म्हणाले. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं.

आईने हात थांबवला नाही. "अहो, मी पण नकोच म्हणायचे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो अगदी त्यांच्यासारखा शांत होता.

त्या संध्याकाळी अण्णांना पुसून घेताना मी त्यांची पाठ तपासली. इतकी वर्षं खुर्चीत आणि पलंगावर असलेला माणूस, पण कुठे साधा लाल चट्टा नाही. नखं कापलेली, दाढी केलेली. आई त्यांना मऊ खिचडी फुंकून भरवते, ठसका लागू नये म्हणून प्रत्येक घासाला थांबते. आमच्या केअर होममध्ये हे दाखवून नव्या मुलींना शिकवता येईल. मी कोणाकडे तक्रार करणार होते? आणि काय सांगणार होते, की ती रंग देते?

दोन दिवसांनी आई म्हणाली, "आज खुर्ची घेऊ."

आम्ही दोघींनी अण्णांना उचललं. त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरला. आईने एकेक बोट सोडवलं, दुखणार नाही अशा बेताने. आतल्या खोलीतला पलंग दाराच्या समोरच आहे. तिने त्यांच्या पाठीशी उशा लावल्या आणि दार उघडं ठेवलं. मग माझ्या हातात पॉलिश पेपर दिला.

"पाठीची बाजू तू घे, वैशू."

मी "नाही" म्हणू शकले असते. तिने जबरदस्ती केली नव्हती. लहानपणी अण्णा फळी कापताना दुसरं टोक मला धरायला लावत आणि म्हणत, "हात स्थिर आहे तुझा." त्यांनी माझं केलेलं तेवढंच कौतुक. मी घासायला लागले तसा सागाचा वास सुटला. आतून "नको, नको" येत राहिलं. मी पाठ पूर्ण केली, मग पाय केले. नंतर प्रायमर आणि त्यावर हिरवा. रंग वाळेपर्यंत अण्णा पलंगावरच होते.

पुन्हा खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांनी डावा हात मांडीवर घेतला. तो त्यांनी खुर्चीच्या हातावर पुन्हा कधी टेकवला नाही.

इथल्या मैत्रिणी घराच्या आठवणीने हळव्या होतात. कोणाला मिसळ आठवते, कोणाला गोदाकाठ. मी मान डोलावते. माझ्यासाठी घर म्हणजे त्या दोन माणसांमध्ये जे चाललं आहे ते. पूर्वी ते टाळायला मी विमानात बसले होते. आता दर रविवारी मी स्वतःहून फोन लावते.

परवाही लावला. अण्णा समोर होते, स्वच्छ, भांग पाडलेला. आई मागून म्हणाली, "आता त्यांची हत्यारांची पेटी तेवढी राहिली आहे. कोणता रंग देऊ?"

अण्णा स्क्रीनमधून थेट माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला ओळखलं होतं, याची मला खात्री आहे.

"लाल दे," मी म्हटलं.