ठेवणीतला पंच

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी कान गरम होतात, मग ऊर भरून येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्या मानाने हा गुन्हा निव्वळ कागदी. तरी नातवंडांना सांगायला एकच प्रकरण निवडा म्हणालात, तर मी हेच निवडीन. नाव कुणाचंही घेणार नाही, गावाचंही नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. दौंड तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. एका सकाळी हजेरी आटोपून डायरी चाळत बसलो होतो, तेव्हा धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यातले एक आप्पा आत आले. रेल्वेत गँगमन म्हणून दौंडला नोकरी केलेले, निवृत्तीनंतर ठाण्याच्याच गावाबाहेरच्या वस्तीवर पत्र्याचं घर बांधून राहणारे. रेशनकार्डाच्या कामाला ते तहसीलला गेले होते. तिथल्या फलकावर त्यांना स्वतःचं नाव दिसलं. मतदारयादीतून ते वगळावं अशी हरकत आली होती, आणि कारण लिहिलं होतं, 'गाव सोडून गेले'. त्यांच्या खाली वस्तीवरची आणखी चाळीसेक नावं होती, काही बौद्ध घरांतली, काही मुसलमान घरांतली. सुनावणी सहा दिवसांवर आली होती आणि पुढच्याच महिन्यात ग्रामपंचायतीची निवडणूक होती.

"मी हितंच हाय की ओ साहेब," आप्पा म्हणाले. "सुनंचं नाव कार्डावर चढवाय गेलो, तर माझंच उतरवाय लागल्यात."

कुठलाही फौजदार सांगेल तेच मी सांगितलं. हे पोलिसांचं काम नव्हे, तहसीलदारांकडे अर्ज करा. आप्पा बाकावरून हलले नाहीत. खालमानेने, पण स्पष्ट बोलले.

"माझ्या बापाला गावच्या पाण्याला हात लावू देत न्हवते. पर मताच्या रांगंत पाटलाच्या मागं उभं केलं सरकारनं. मरस्तोवर त्यो त्येच सांगायचा. आता ती रांग बी ऱ्हाईना म्हंजी काय ऱ्हायलं?"

मी उठलो. टोपी घातली आणि जीप काढली.

तहसीलमधले नायब तहसीलदार सज्जन आणि कायद्याला धरून चालणारे. त्यांनी मला नियम समजावले. मतदाराला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय त्याचं नाव काढता येत नाही. हरकत घेणारा स्वतः यादीतला हवा, आणि आपण खरं लिहिलंय अशी त्याची सही हवी. खोटं निघालं तर त्याला शिक्षा आहे. निकाल पटला नाही तर मतदाराला वर अपील आहे. हरकतींची यादी फलकावर लावायची तीही त्यासाठीच. ऐकून बरं वाटलं. मग त्यांनी फाइल पुढे सरकवली. संधी देऊन झाली होती. निदान कागदावर तरी.

प्रत्येक नोटिशीच्या पाठीमागे एकच मजकूर होता: घराला कुलूप, शेजारी म्हणतात कुटुंब गाव सोडून गेले, नोटीस पंचांसमक्ष दारावर डकवली. खाली दोन सह्या. एक कुणाची ते वाचता येत नव्हतं. दुसरी मात्र मी झोपेतही ओळखली असती. तो आमचाच पंच होता.

इथे वाचकांना थोडं समजावून सांगायला हवं. पंचनाम्याला परिसरातले दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ इसम लागतात, असा कायदा आहे. पण ज्वारी काढायची सोडून चोरीचा माल मोजायला कोण येतो? उद्या कोर्टात खेटे घालायचे ते वेगळेच. म्हणून बहुतेक ठाण्यांपाशी एखादा हाकेसरशी येणारा, ठेवणीतला पंच असतो. आमचा पंच म्हणजे ठाण्यासमोरच्या हॉटेलचे मामा. गिऱ्हाइकाला चहा द्यायला उशीर करतील, पण सही करायला कधी नाही.

नोटिशीवरची तारीख आणि वेळ पाहिली, आणि डोक्यात काहीतरी लकाकलं. ठाण्यात येऊन स्टेशन डायरी उघडली. त्याच दिवशी, त्याच वेळी मामा आमच्या जीपमध्ये होते. भीमेच्या पलीकडे, शिरूरच्या हद्दीत, चोरीला गेलेल्या, पाणी उपसायच्या मोटारी आम्ही उसातून काढल्या, तेव्हा ते पंच होते. भिजलेल्या धोतराने चिखलात उभे होते, मी स्वतः पाहिलं होतं. एकच माणूस एकाच वेळी नदीच्या दोन्ही काठांवर नोटिसा डकवीत आणि मोटारी मोजीत असणं शक्य नव्हतं.

खूश व्हायला हवं होतं, पण माझाच हात दगडाखाली होता. मामांच्या सहीवर माझे अर्धा डझन खटले उभे होते. न वाचता सह्या करणारा पंच, हे एकदा बाहेर आलं की आरोपींचे वकील मला कोर्टात सोलून काढणार. हवालदारांनी हळूच सुचवलं, "साहेब, तहसीलचं तहसील बघंल. आपण कशाला?" ते अनुभवाचे बोल होते. तासभर मीही तसाच विचार केला, हे आज कबूल करतो. मग ती रांग आठवली.

मामांना बोलावलं. हात उगारायचं कारणच नव्हतं. त्यांच्याच हॉटेलचा चहा त्यांच्यापुढे ठेवला, शेजारी नोटीस आणि डायरी ठेवली. त्यांनी दोन्ही पाहिलं आणि कपाळाला हात लावला. गावच्या तलाठी दप्तरात एक खाजगी माणूस लिखापढी करायचा. सरकारी नोकर नव्हे, पण सगळे कागद त्याच्याच हातून जायचे. त्याने नोटिसांचा गठ्ठा आणला आणि मामांनी सह्या ठोकल्या.

"मामा, न वाचता सही केलीत?" मी आवाज चढवला.

"साहेब," ते शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडं तरी कवा वाचून केली?"

 हवालदार खिडकीबाहेर बघायला लागले. चौकशी मी करत होतो आणि पकडला मीच गेलो होतो. त्या वाक्याने मला जेवढं शिकवलं तेवढं प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. मी मामांचा जबाब लिहून घेतला, तेही वाक्य जसंच्या तसं. मग पहिल्यांदाच तो मोठ्याने वाचून दाखवला आणि मगच सही घेतली.

पुढचं सोपं होतं. जबाब समोर ठेवल्यावर लिहिणाऱ्याने दुपारच्या आत सगळं ओकलं. वस्तीची मतं विरोधी पॅनेलला जातात म्हणून एका पुढाऱ्याने हे काम सांगितलं होतं, आणि हरकती त्याच्याच एका हस्तकाच्या नावावर टाकल्या होत्या. नायब तहसीलदारांनी स्वतः फिर्याद दिली. बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला. जुन्या नोटिसा रद्द झाल्या आणि नव्या हातोहात पोचल्या.

सुनावणीला वस्ती झाडून आली. शिलाईकाम करणाऱ्या एक चाची वीजबिलं, रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले पिशवी भरून घेऊन आल्या होत्या. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी पिशवी उघडू दिली नाही. "तुम्ही गेलात असं ज्याचं म्हणणं आहे, पुरावा त्यानं द्यायचा," ते म्हणाले. हरकतदाराचा पुकारा तीनदा झाला. तो आलाच नाही. एकही नाव कमी झालं नाही.

मला त्याची किंमत मोजावी लागली. मोटारींचा खटला आम्ही हरलो, मामांचा जबाब वकिलाने माझ्याच तोंडावर वाचला. वरिष्ठांनी केबिनमध्ये उभं करून शेलक्या शब्दांत समाचार घेतला. लिहिणाऱ्याला शिक्षा झाली, पुढारी पुराव्याअभावी सुटला. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पण मतदानाचा दिवस सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. मी शाळेच्या दारात बंदोबस्ताला होतो. आप्पा आत गेले आणि पुढाऱ्याच्या एजंटाने हरकत घेतली की हा तो माणूसच नव्हे. नियमाप्रमाणे केंद्राध्यक्षांनी काम थांबवून विचारलं, यांना ओळखणारं कुणी आहे का? पुढाऱ्याची माणसं दारातच उभी होती. रांगेतले बरेच जण चपलांकडे पाहू लागले. माझ्याकडे पाहून उपयोग नव्हता, निवाडा केंद्राध्यक्षांचा होता.

तेवढ्यात रांगेच्या मधून मामा पुढे आले. "मी वळखतो. गँगमन आप्पा. वस्तीवरच ऱ्हात्यात."

केंद्राध्यक्षांनी चार ओळी लिहिल्या आणि कागद पुढे केला, इथे सही करा. मामांनी पेन घेतलं, दाराकडे वळून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"आधी वाचून दाखवा," ते म्हणाले. "मंग करतो."

केंद्राध्यक्षांनी वाचून दाखवलं. मामांनी सही केली, आप्पांनी मत दिलं आणि रांग पुढे सरकली. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी एकही पंचनामा वाचून न दाखवता सहीला पुढे केला नाही. मतदाराच्या रक्षणाला कायद्याने काही कमी ठेवलेलं नाही. मात्र त्या कायद्याच्या तळाशी कुणा साध्या माणसाची सही असते, आणि ती खरी ठेवणं हे आमचं काम. ते मी एकदा चुकत-चुकत का होईना केलं, याचा मला अभिमान आहे.