दोघांनाही गोळ्या

उन्हाळ्यापासून रुख्माच्या अंगावरून पांढरं जात होतं. धानाच्या रोवणीला शेतातल्या बांधीत वाकली की ओटीपोटात कळ यायची. लघवीला आग व्हायची. वास तर असा, की रोवणाऱ्या बायकांत ती मुद्दाम टोकाला उभी राहायची. सासू सुलोचनाबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बाईच्या जातीले असतेच हे. कोनाले सांगू नोको."

बाजारातली जडीबुटीची पुडीही खाऊन झाली. शेवटी एका सकाळी रुख्मा कोणाला न विचारता बसमध्ये बसली आणि देवरीच्या सरकारी दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आतलं पाणी काचेवर घेतलं, रक्तही घेतलं. मग दार लावून म्हणाल्या, "रुख्माबाई, हा नवरा-बायकोच्या संबंधातून लागणारा रोग आहे. गोळ्यांनी बरा होतो. पण नवऱ्यालाही इथे घेऊन या; त्यानंही त्याच वेळी गोळ्या घ्यायच्या, त्याला त्रास नसला तरी. नाहीतर पुन्हा लागेल. दोघं बरे होईपर्यंत दूर राहा."

रुख्माच्या डोळ्यांपुढे नवरा उभा राहिला. दुधराम धानकापणीच्या मशीनवर छत्तीसगडात महिना महिना असायचा. गोळ्या पदरात बांधून घरी आली.

रात्री जेवण झाल्यावर तिने सगळं सांगितलं. दुधराम उसळला. "मले काई झालं नाई! म्या कायले जाऊ? गावात इज्जत घालवतं काय?"

"गावाले कोन सांगून राहिलं? तुमी आले नाई त मी माह्या गोळ्याबी खात नाई. वायाच जातीन," रुख्मा म्हणाली आणि गोधडी उचलून सासूच्या खोलीत गेली.

दुधरामने ताट आपटून पाहिलं, आईला मध्ये घातलं. सुलोचनाबाई आधी सुनेवरच ओरडल्या. पण रोज शेजारी झोपणाऱ्या सुनेचं कण्हणं त्यांना ऐकू येत होतं. एका पहाटे त्या हळूच म्हणाल्या, "म्याबी भोगलं हे. तुह्या सासऱ्याले कदी बोलली नाई." आणि उठून अंगणात गेल्या. "दुधराम, आंग धू. बायकोसंगं देवरीले जाय."

दुधराम गेला. दवाखान्यात मान खाली घालून बसला. दोघांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. एचआयव्ही नाही, हे कळल्यावर रुख्माने आपली पहिली गोळी तिथेच गिळली. गोळ्या चालू असेपर्यंत दारू बंद, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. घरी येऊन रुख्माने दुधरामची बाटली स्वतःच मोरीत ओतली.

दिवाळीपर्यंत तिची कळ थांबली. दुधराम पुन्हा मशीनवर निघाला, तेव्हा तिने त्याच्या पिशवीत दवाखान्यातून आणलेली निरोधची पाकिटं ठेवली.

"हे काय?"

"मले इमानदार मानूस पायजे. ते जमत नसंल त हे वापरा. आन् घरी आल्यावर पयले तपासनी, मंग आंथरून."

दुधरामने पिशवीची चेन ओढली. पाकिटं आतच राहिली.