एका घरची एकच पायली

आमच्या आंदर मावळात एक गाणारा आहे. "बऱ्या हाय का मावशी?" एवढंसुद्धा तो चालीत विचारतो. स्वतः रचलेल्या गाण्यांचा अल्बम काढायचा म्हणून भाताची झोडणी झाल्यावर तो घरोघर फिरला. मागणं काय, तर पायलीभर इंद्रायणी तांदूळ. तो लोणावळ्यात विकून स्टुडिओचं भाडं भरायचं.

तिथल्या एका बंगलेवाल्यानं सगळाच खर्च देऊ केला, फक्त गाणी त्याच्या नावावर करायची. यानं सरळ हात जोडले.

मी चिडलेच. "येड्या, पायली पायलीनं कधी व्हायचा रे तुझा अल्बम?"

"व्हईल की! गाणी समद्यांची तरी ऱ्हातील."

मग मी दुसरी पायली मापायला घेतली, तर यानं पिशवीचं तोंडच आवळलं. "एका घरची एकच, मावशी. न्हाईतर गाणं तुमच्याच घरात बसंल."

झाला बाई अल्बम. परवा एसटीत कुणाच्या तरी फोनवर त्याचं गाणं लागलं. कंडक्टर म्हणाला, "आवाज कमी करा."

मागून एक म्हातारा ओरडला, "का म्हणून? आमची पायली हाय त्यात!"

मी सीटवरून उठलेच. "माझीबी!"