दुपट्ट्याचा लाल कोपरा

दसारामभाऊ मिस्त्री गेल्याचं साकोलीहून कळलं, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "आता कोणाले सांगणार?" तिला काय म्हणायचं होतं ते मला बरोबर कळलं. त्याला दीड महिना झाला. तेव्हापासून नीट झोप नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, एकोडीला. मी नुकतीच जुनी मोटार घेतली होती आणि सासुरवाडीला मिरवायची भारी हौस! माझी गाडी साकोलीच्या दसारामभाऊंच्या गॅरेजात असायची. आठवडाभर आधी त्यांनी बजावलं होतं, "पाण्याचा पाइप गळून राहिला जी. दोन दिवस गाडी ठेवून जा." मी कसला ठेवतो! तशीच घेऊन गेलो. दुसऱ्याच दिवशी दुपारी बायको अडली. नर्सबाई म्हणाल्या, ताबडतोब भंडाऱ्याला न्या. गावात मोटार एकच, माझी. रेडिएटर बघतो तर अर्धा रिकामा. मी पाणी भरलं आणि सासूबाईंच्या डब्यातली मूठभर हळद त्यात टाकली. हळदीनं बारीक भोक बुजतं, असं तेव्हा सगळेच ड्रायव्हर मानायचे.

साकोली येईतो तापमानाचा काटा लालवर गेला. बॉनेटमधून वाफ, मागे बायको कण्हतेय, सासूबाई देवाचं नाव घेताहेत... गाडी कशीबशी दसारामभाऊंच्या दारात लावली. त्यांनी आधी तेल मोजायची पट्टी ओढून बघितली; तेलात पाणी उतरलं नव्हतं. इंजिन तर सगळीकडून तेलानं काळंभोर, ओलं. त्यात पाणी नेमकं कुठून जातंय ते दिसेना.

"हेडमधून, इंजिनच्या वरच्या झाकणातून, जाऊन राहिलं असन तं गाडी जंगलात अडकन. मंग बाईचं काय?" ते म्हणाले. "रेडिएटरात काय टाकलं जी?"

"पाणीच," मी म्हणालो. अशा वेळीही मला माझ्या अब्रूची पडली होती, याची आजही शरम वाटते.

मागच्या सीटवरून बायको ओरडली, "हळद टाकली यायनं! मायच्या डब्यातली!"

दसारामभाऊ चिडले नाहीत. उलट त्यांचे डोळे चमकले. "काहून लपवता? बरंच झालं." त्यांनी खांद्यावरचा पांढरा दुपट्टा ओला केला, एका कोपऱ्यानं हेडचा सांधा पुसला आणि त्यावर कपडे धुवायचा साबण घासला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपल्याकडे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. कोपरा काळाच राहिला. "हे नुसतं तेल होय." दुसरा कोपरा सांध्याच्या मागच्या बाजूनं फिरवला, तोही काळा. बायकोची किंकाळी आली, त्यांचा हात क्षणभर थांबला. तिसरा कोपरा त्यांनी पंपाच्या पाइपाखाली फिरवला, साबण घासला... आणि तो लालभडक झाला.

"हेड साबूत हाय. चला!" पाइप बदलला, पाणी भरलं, पाण्याचा डबा मांडीवर घेऊन ते स्वतःच माझ्या शेजारी बसले. भंडाऱ्यापर्यंत त्यांची नजर काट्यावर होती. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मागून सासरे एस.टी.नं आले. भारी कडक माणूस. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी दरडावून विचारलं, गाडी वाटेत बंद पडलीच कशी? दसारामभाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "माही चूक जी. पाइप मीच ढिला बसवला होता."

सासऱ्यांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. मी तिथेच उभा होतो, आणि गप्प होतो. गावातही त्यांनी सगळ्यांना हेच सांगितलं. पुढे एकोडीचा एकही ट्रॅक्टर, एकही जीप दसारामभाऊंकडे गेली नाही. बायको म्हणायची, बाबांना सांगून टाका. मी आज-उद्या करत राहिलो आणि सासरे गेले. मग एकदा धीर करून दसारामभाऊंकडे विषय काढला, तर म्हणाले, "जाऊ द्या ना जी. पोरगी बरी हाय ना?"

तेरवीला गेलो. साकोलीची, लाखनीची माणसं होती. एकोडीचं कोणी नव्हतं.

म्हणून एकोडीकरांनो, तुमच्यासाठी लिहितो. दसारामभाऊंनी पाइप ढिला बसवला नव्हता. तो गळतो हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. खोटं ते एकदाच बोलले, ते माझ्यासाठी.

तेरवीहून निघताना त्यांच्या दुकानात डोकावलो होतो. खिळ्याला दुपट्टा होता, खिडकीत साबणाची अर्धी वडी. तिच्यावर त्यांच्या बोटांचे काळे ठसे होते. हात पुढे केला... पण लावला नाही.