रक्त पातळ

आमच्या घाटघरला कुनी वाळलं, फिकट पडलं, की एकच म्हनायचं, रक्त पातळ झालंय. इंद्रायणीचं तर जन्मापासूनच पातळ. पुढं तपासणीत सिकलसेल निघाला, तरी आमच्या तोंडी पातळच राहिलं.

मी साळुबाई, तिची चुलती. तिची आई लवकर गेली, म्हनून माझ्याच हाताखाली वाढली. पोरगी लई तिखट तोंडाची. भाताच्या आवणीच्या चिखलात उतरली की हाडं ठणकायची, म्हनून बांधावर बसून रोपांच्या मुठी फेकायची आन आमालाच चिडवायची, "वाका की, तुमचं रक्त घट्ट हाय!" तिचा बाप धर्माजी, माझा दीर, ओढ्यात हात घालून खेकडी धरायचा. खेकडीचं कालवण, बीट, गूळ-शेंगदाणे. का, तर पोरीचं रक्त घट्ट व्हावं. दुसरा ध्यासच नव्हता त्याला.

यंदा कळ आली ती थांबंना. एक पाय सुजून टम्म झाला. जीपनं खाली एका दवाखान्यात नेली. तिथली तरुण डॉक्टरीण म्हनली, "पायात रक्ताची गुठळी झालीय. छातीत गेली तर जीव जाईल. दुखण्याचं औषध चालूच आहे, पण रक्त पातळ करायचं इंजेक्शन आजच द्यायला हवं."

धर्माजी ताडकन उठला. "पातळच हाय, बाई. माझी हयात गेली घट्ट करता करता. आजून पातळ करून मारता व्हय तिला?"

ती समजावत राहिली, पन पुन्हा पुन्हा तोच शब्द. इंद्रायणी कण्हत म्हनली, "आबा म्हनत्याल तसं." त्यानं तिला हाताला धरून उठवली आन घरी आनली.

दोन दिवसांनी चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं छाती धरली. "काकू, दम लागतोय," एवढंच म्हनली. जीप यायच्या आत संपलं.

पुढं गावात तपासणीचं शिबिर लागलं, तर तीच डॉक्टरीण. माझं डोकं सटकलं. म्हनलं, "काय टोचणार व्हतीस गं आमच्या पोरीला?"

ती खाली बघून म्हनली, "गुठळी वाढू न देणारं औषध, मावशी. त्यानं अंगातलं रक्त कमी होत नाही."

बोलता बोलता रडाया लागली. राग लई व्हता मला, पन काढायचा कुनावर तेच कळंना.

धर्माजी शेजारीच उभा व्हता. लई हळू बोलला, "मग तसं म्हनायचं ना, बाई. गुठळीचं औषध म्हनला असता, तर मी कशाला उठवून आनली असती तिला?"